सोमाजींचे हात

सोमाजी नान्हे यांच्या खिशाला पेन कधीच नसायचं. शर्टाच्या खिशात असायची नायलॉनच्या दोऱ्याची एक लहानशी गुंडी आणि जाळं विणायची बांबूची चपटी सुई. साहेबांनी सहीसाठी बोलावलं की ते चार जणांचे खिसे बघत फिरायचे आणि शेवटी माझ्याच टेबलावरचं पेन उचलून न्यायचे. परत मिळायचं तेव्हा त्याच्या टोपणाला दोरा बांधलेला असायचा. "आता हारपन नाही," म्हणायचे. मी चिडायचे. पेनाला दोरा लावायला मी काय बँकेच्या खिडकीत बसले होते? आज ती सगळी पेनं माझ्या कपाटात एका डब्यात आहेत. शाई एकातही नाही, पण गाठ एकही सुटलेली नाही.

नागपुरातलं आमचं मत्स्य प्रशिक्षण केंद्र म्हणजे तीन खोल्या, एक लांब व्हरांडा आणि मागच्या अंगणात मत्स्यबीजाची चार सिमेंटची टाकी. गावोगावचे तलाव ठेक्यानं घेऊन मासेमारी करणारे लोक तिथं आठ-दहा दिवस शिकायला यायचे. मी प्रयोगशाळेत होते; पाणी तपासायचं, नोंदी ठेवायच्या, आलेल्यांना समजावून सांगायचं, हे माझं काम. सोमाजी कागदोपत्री 'कुशल कामगार' आणि प्रत्यक्षात जाळ्याचे मास्तर. जातीनं ढीवर, त्यामुळे जाळं हातात आलं ते चालायला लागण्याच्या आसपासच. त्यांचं गाव उमरेडच्या पुढे होतं. फाट्यावर उतरलं की तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पायी जायचं. रोज एसटीनं येणं आणि एसटीनं जाणं. बसमध्ये जागा मिळाली नाही तरी दांड्याला टेकून त्यांची सुई चालू असायची, आणि कंडक्टरही त्यांना काही म्हणायचे नाहीत, कारण त्यातल्या निम्म्या जणांच्या तिकिटाच्या पिशवीचा पट्टा सोमाजींनीच शिवून दिलेला होता.

त्यांचे हात रिकामे मी पाहिलेच नाहीत. उन्हाळा आला की केंद्रातल्या सगळ्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ते शिवायचे. फायलींच्या नाड्या, माझ्या पर्सचा बंद, शिपायाच्या चपलेचा अंगठा, काहीही. बोलत आपल्याशी असायचे आणि हात भलतंच काहीतरी दुरुस्त करत असायचे. दोरा ओढून ओढून उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला एक खाच पडली होती. जाळ्याला ते 'जायं' म्हणायचे, आणि त्या शब्दात इतका जीव असायचा की नवीन आलेला प्रशिक्षणार्थीही दोन दिवसांत जायं म्हणायला लागायचा.

जाळं विणणं एक आणि ते दोराला बांधणं दुसरं. हे मला तिथं गेल्यावरच कळलं. विणलेलं जाळं दोराला ताणून बांधत नाहीत. दहा हात जाळं सहा-सात हात दोरावर बसवतात. तेवढं सैल राहिलं की ते पाण्यात लवतं, मासा धडकला की मागे सरतं आणि त्याच्या अंगाभोवती गोळा होतं. ताठ जाळ्यावर मासा नुसता आपटतो आणि माघारी फिरतो. ह्या सैलपणाला सोमाजी ढील म्हणत. सगळी विद्या त्या ढिलीत होती. किती ढील द्यायची असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे.

"हाताले इचार न गा. मले काय इचारतं?"

एकदा नवे साहेब आले होते. त्यांना हे हाताला विचारणं पसंत पडलं नाही. तक्ता पाहिजे म्हणाले, माप पाहिजे म्हणाले. मोजपट्टी मागवली आणि सोमाजींनी नुकतंच बांधलेलं जाळं व्हरांड्यात पसरवून स्वतः उकिडवे बसले. सुरुवातीला मोजलं, मधे मोजलं, शेवटी मोजलं. तिन्ही जागी ढील सारखीच, बोटभर इकडची तिकडे नाही. साहेब पट्टीकडे बघत राहिले. सोमाजी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "साहेब, तुमची पट्टी बराबर हाये."

मलाही जाळं शिकायची हौस आली होती. पाण्याच्या बाटल्या धुऊन धुऊन माणूस कंटाळतोच. विणायला जमलं, पण बांधायला बसले की माझ्याच्यानं दोरा सैल सोडवेना. घट्ट ओढायची सवय, घरी पोलक्याची शिलाईसुद्धा मी अशीच घालते. माझं पहिलं जाळं सोमाजींनी दोन्ही हातांनी उचललं, वाजवून पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "हे जायं हाये का खाट वं बाई? गादी टाक न झोप याच्यावर."

दुसरंही तसंच झालं आणि तिसरंही. शेवटी त्यांनी मागच्या टाक्यांवर माझं ते ताठ जाळं बांधून टाकलं. टाक्यांतली मासोळी खायला बगळे आणि खंड्या यायचे, त्यांच्यासाठी. बगळा यायचा, जाळ्यावर बसायचा, चोच आपटायचा आणि कंटाळून उडून जायचा. "बेस हाये," सोमाजी म्हणायचे. "तुह्या जायात काहीच अटकत नाही. मासोळीबी नाही न बगळाबी नाही." सगळे हसायचे, मीही हसायचे. ते जाळं टाक्यांवर वर्षानुवर्षं राहिलं.

एका हिवाळ्यात त्यांच्या गावच्या तलावाचं पाणी तपासायला मी गेले होते. सकाळी फाट्यावर सोमाजी घ्यायला आले. पाळीच्या टोकाला पाण्यात शिरलेला एक सपाट, काळा दगड होता. त्या दिवसाच्या पहिल्या ओढीतला पहिला मासा, चांगला हातभर रोहू, त्यांनी त्या दगडावर नेऊन ठेवला आणि मला म्हणाले, "चाल. आता मांगं पायचं नाही. त्या मोहाच्या झाडालोग नाही पायचं."

"का?"

"मंडळी येते."

मंडळी म्हणजे पाणमांजरं. पाळीच्या दगडांत त्यांची बिळं होती. पाणमांजर म्हटलं की मासेमार शिव्या देतात, कारण ते जाळ्यातला मासा काढून खातं आणि वर जाळं फाडून जातं. सोमाजींच्या वडिलांचीही जाळी ती फाडत असत. पण म्हाताऱ्यानं घरात रीत घालून दिली होती की पहिला मासा मंडळीचा, तो दगडावर ठेवायचा आणि मोहाच्या झाडापर्यंत मागे वळून न पाहता निघून यायचं. मी विचारलं, मग जाळं फाडायचं थांबतं का? सोमाजी म्हणाले, "थांबते कशाचं? त्याइनं फाडाचं न आपून शिवाचं. सुई कायले हाये?"

मी मागे पाहिलं. पाहणारच. दगडावर एक चपटं, ओलं डोकं वर आलं, मिशांवरून पाणी गळत होतं. मागे दोन लहान पिल्लं एकमेकांना ढकलत चढत होती, आणखी दोन डोकी पाण्यात होती. पाचही जणांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या क्षणी दगडावर नुसता मासा उरला.

सोमाजींना न पाहताच कळलं. फाट्यापर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बस दिसायला लागली तेव्हा म्हणाले, "पाहुना जेवाले बसला तं त्याच्या ताटात पायते काय कोनी?" त्यांना इतकं रागावलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी माफी मागितली. त्यावर त्यांनी माझ्या बाटल्यांच्या पिशवीचा निघालेला बंद बांधून दिला. म्हणजे राग गेला असं समजायचं.

ते निवृत्त झाले, गावी राहायला लागले. माझं त्यांच्याशी बोलणं फोनवर. फोनवर ते फार मोठ्यानं बोलायचे, आणि आधी मंडळीची खुशाली सांगायचे, मग घरच्यांची. "यंदा तीन पिल्लं हायेत," "बुडगी अजून हाये," असं. बुडगी म्हणजे त्यातली जुनी मादी, जिच्या एका कानाची कड फाटलेली होती. हे त्यांना कसं माहीत, तुम्ही तर मागे वळून बघत नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले की समोरून आली तर पाहायला मनाई नाही.

मग त्या तलावात पिंजरे आले. एका कंपनीनं तलावाच्या मध्यावर प्लॅस्टिकच्या नळ्यांचे चौकोन तरंगत सोडले, त्यांना खाली जाळ्यांच्या खोल पिशव्या लावल्या आणि त्यांत हजारांनी मासे वाढवायला घेतले. मी ह्याच खात्यात नोकरी केली आहे, मासळीच्या शेतीला नावं ठेवणार नाही. गावातल्या बऱ्याच जणांना त्यातून काम मिळालं. सोमाजींनाही मिळालं, पिंजऱ्यांची जाळी शिवायचं. पण एका जागी एवढा मासा दाटीवाटीनं पोहतोय म्हटल्यावर पाणमांजरांनी काय करावं? ती पिंजऱ्यांवर यायला लागली. आठवड्यातून दोन-तीनदा जाळं फाटे आणि मासे निघून जात.

एके दिवशी दुपारी सोमाजींचा फोन आला. त्या दिवशी मंडळीची खुशाली नव्हती.

"बाई, दातवाले सापळे आणले वं त्याइनं. लोखंडाचे. टिनाच्या खोलीत ठेवून हायेत. तू ये."

मी रविवारी गेले. तिथला मॅनेजर भुसारी म्हणून एक तरुण मुलगा होता, नागपूरचाच, जरीपटक्याकडे राहणारा. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण तो भांडण्यासारखा निघाला नाही. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"मॅडम, कायदा मला माहीत आहे. ह्या प्राण्याला हात लावला तर मी जेलमध्ये जाईन," तो म्हणाला. "म्हणून तर ते सापळे आणून पंधरा दिवस झाले, लावले नाहीत. पण वरून रोज फोन आहे. आज मी नाही लावले तर उद्या माझ्या जागी दुसरा येईल, तो लावेल. तुम्हीच सांगा मी काय करू."

मी वनखात्याचं बोलले, अर्जाचं बोलले. सोमाजी खाली बसून एक फाटकं जाळं शिवत होते. वर न पाहता म्हणाले, "मले एक महिना द्या साहेब. पिंजऱ्याइच्या भायेरून गोल मी जायं बांधून देतो. मंग मंडळी अंदर येत नाही न तुमचा मासा भायेर जात नाही."

"आणि आले तर?"

सोमाजींनी सुई थांबवली. दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. "माह्या हातावर भरोसा ठेवा."

भुसारीनं ठेवला. सापळे टिनाच्या खोलीतच राहिले.

आता मला माझं सांगायचं आहे, आणि ते सांगायला बरं वाटत नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये पिंजऱ्यांतल्या मत्स्यपालनावरची एक पुस्तिका होती, कुठल्याशा कार्यशाळेत मिळालेली. त्या आठवड्यात मी ती काढून वाचली. प्राणी बाहेर ठेवण्याच्या जाळ्याबद्दल त्यात एकच ओळ होती. असं जाळं भिंतीसारखं ताठ ताणून, खाली वजन देऊन बांधावं. सैल राहिल्यास प्राणी त्यात गुरफटतात. मी फोन हातात घेतला. मग वाटलं, सोमाजींना मी सांगणार, जाळं कसं बांधायचं ते? मी, खाट विणणारी? ते हसतील, फोनवर मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं हसतील. आणि त्यांना कळत नसेल असं कसं होईल? मी फोन ठेवून दिला. लाज वाटली, एवढंच कारण. त्याहून मोठं कारण असतं तर निदान स्वतःला समजावता आलं असतं.

महिनाभर त्यांनी दुसरं काही केलं नाही. घरच्या अंगणात, पाळीवर, नावेत, सगळीकडे ते जाळं पसरलेलं असे. गावातली माणसं मदतीला यायची, तर बांधायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. विणा तुम्ही, बांधीन मी. पूर्ण झालं तेव्हा मला फोन केला. "असं जायं म्या जिंदगीत बांधलं नाही बाई. पायाले ये."

मी गेले. नावेतून पिंजऱ्यांजवळ नेलं त्यांनी मला. स्वच्छ ऊन होतं, हातभर खाली दिसत होतं. जाळं पाण्यात लवत होतं, लाट आली की सगळं एका बाजूनं हलकेच फुगायचं आणि परत यायचं. फार सुरेख दिसत होतं. मला ती ओळ आठवली. सोमाजी माझ्या तोंडाकडे बघत होते, परीक्षेचा निकाल बघावा तसे. मी म्हणाले, "वा, सोमाजीभाऊ."

पुढे दोन आठवडे जाळं फाटल्याची तक्रार आली नाही. भुसारीनं मला फोन करून आभारही मानले.

मग एका सकाळी मी चहा ठेवत होते तेव्हा त्यांचा फोन आला. त्यांचा आवाज इतका हळू होता की दुसरंच कुणी बोलतंय असं मला वाटलं.

"बाई, मंडळी अटकली."

मी पोचले तेव्हा सोमाजींनी जाळं कापून त्यांना सोडवलेलं होतं. पाळीवर स्वतःचा दुपट्टा अंथरून त्यावर ठेवलं होतं. मोठी मादी होती, कानाची कड फाटलेली, आणि दोन पिल्लं. आधी एक पिल्लू अडकलं असावं, मग बाकीची त्याला सोडवायला गेली असावीत. जाळं हिसडा दिला की मागे सरायचं आणि अंगाभोवती गोळा व्हायचं, जसं चांगल्या जाळ्यानं करायचं असतं. पाणमांजराला श्वास घ्यायला वर यावं लागतं. ती वर येऊ शकली नाहीत. पिल्लाच्या पंजात, बोटांमधल्या पडद्यात, दोरा रुतून राहिला होता, आणि सोमाजी सुईच्या टोकानं तो काढत होते. एकेक धागा, अगदी सावकाश, पिल्लाला दुखेल म्हणून जपून काढावा तसा. मी त्यांच्या शेजारी बसले.

"पान्यातलं जनावर पान्यात बुडून मेलं," ते म्हणाले. "हे कोनाले सांगावं वं?"

वनखात्याचे लोक आले. सोमाजी उभे राहून म्हणाले, "लिवा साहेब. सोमाजी नान्हेनं मारलं म्हणून लिवा." आलेला अधिकारी समजूतदार होता. त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं, पंचनाम्यात अपघात लिहिलं, जाळं ताबडतोब काढायला सांगितलं आणि जाताना सोमाजींच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचंच त्यांना जास्त लागलं. संध्याकाळपर्यंत ते एकच म्हणत होते, "मले कोनी काहीच नाही म्हणून राहिलं."

चौथ्या दिवशी ते केंद्रावर आले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. पाठीवर पोतं, पोत्यात ते जाळं. व्हरांड्यात पसरलं आणि मला म्हणाले, "पट्टी आन."

मी मोजपट्टी आणून दिली. ते उकिडवे बसले, साहेब बसले होते तसेच. सुरुवातीला मोजलं, मधे मोजलं, शेवटी मोजलं. तिन्ही जागी ढील तीच. बोटभर इकडची तिकडे नाही.

"हे पाय बाई," ते म्हणाले. "धराचं जायं बांधलं म्या. डोस्क्याले मालूम होतं का हे धराचं नोहे, थांबवाचं हाये. हाताले कोनी सांगतलंच नाही. हातानं आपलं केलं, जे जिंदगीभर केलं ते."

मागच्या अंगणात फडफड झाली. एक बगळा टाक्यावर उतरला, माझ्या त्या जुन्या जाळ्यावर चोच आपटली, इकडे तिकडे पाहिलं आणि उडून गेला. सोमाजी उठले, टाक्यापाशी गेले आणि जाळ्यावर हात ठेवून उभे राहिले. उत्तर इतकी वर्षं आमच्याच अंगणात बांधलेलं होतं. त्याच्यावर आम्ही दोघं हसलो होतो.

मला राहवलं नाही. मी पुस्तिकेचं सगळं सांगून टाकलं. वाचलं होतं, फोन हातात घेतला होता, नावेतून जाळं लवताना पाहिलं तेव्हाही आठवलं होतं. ते जाळ्यावरचा हात काढून माझ्याकडे वळले.

"काहून नाही सांगतलं वं बाई?"

"तुम्हाला कसं सांगणार?"

त्यांनी मान हलवली. "नाही. बराबर हाये. मी हासलो असतो तुले." आणि मग, "पन सांगाले पायजे होतं." त्यांचे डोळे कोरडे होते. रडत मी होते. आजही ते वाक्य आठवलं की मी हातातलं काम खाली ठेवते.

नवं जाळं मी बांधावं असं त्यांनीच ठरवलं. रविवारी-रविवारी मी जायचे. पाळीवर मोहाखाली बसून मी बांधायचे आणि ते समोर बसून बघायचे. हात दोन्ही काखांत दाबून बसायचे. मी कुठं अडले, गाठ सरकली, की त्यांचा हात आपोआप पुढे यायचा आणि अर्ध्यावरून ते तो मागे घ्यायचे. "मी नाही लावत. माहा हात लागला तं पुन्हा ढील येईन. तू ओढ. आनखी ओढ. खाट विन, खाट." हे म्हणताना ते हसायचा प्रयत्न करायचे. ज्या माणसाचे हात मी कधी रिकामे पाहिले नव्हते, त्याचे हात मी ते सगळे रविवार काखेत कोंडलेले पाहिले. खिशात सुईही नव्हती. कुठं आहे म्हणून मी विचारलं नाही.

उरलेली दोन पाणमांजरं सुरुवातीला काही दिवस पलीकडच्या काठाला दिसली, असं भुसारी सांगायचा. त्यातलं एक रोज सकाळी शीळ घातल्यासारखं ओरडत पिंजऱ्यांभोवती फिरायचं. मग तो आवाजही येईनासा झाला. ती दुसऱ्या पाण्यावर गेली असतील, कालव्यानं, असं सोमाजी म्हणायचे. एकदाच म्हणाले, नंतर तो विषय त्यांनी काढला नाही. भुसारीनं ते सापळे एके दिवशी भंगारवाल्याच्या गाडीत टाकून दिले. मला फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं.

माझं जाळं पाण्यात उतरलं तो दिवस मला स्पष्ट आठवतो. वरून ताणलेलं, खाली वजनं, चारी बाजूंनी भिंतीसारखं. सोमाजींनी नावेतून ते बोटानं दाबून पाहिलं. दबलं नाही. "असंच पायजे होतं," ते म्हणाले. ते जाळं अजून तिथं आहे. त्यात आजवर काही अडकलं नाही. ते फाडायलाही कुणी आलं नाही.

त्यानंतर मी सोमाजींना पाहिलं नाही. त्याच उन्हाळ्यात ते गेले, दुपारी जेवून जरा पडले ते उठलेच नाहीत, असं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं. मला मात्र ते आठवतात ते जाळं उतरवलेल्या त्या दिवशीचेच.

परत निघताना त्यांनी टोपलीतून एक रोहू घेतला. म्हणजे ते अजून रोज ठेवत होते. मीही त्यांच्याबरोबर दगडापर्यंत गेले. दगडावर आदल्या दिवशीचा मासा तसाच होता, उन्हानं वाळलेला, मुंग्या लागलेला. सोमाजींनी तो उचलून पाण्यात सोडला, ओंजळीनं दगड धुतला, आजचा मासा ठेवला आणि नेहमीसारखं म्हणाले, "चाल."

ह्या वेळी मी मागे पाहिलं नाही. पाळीवरून ते पुढे चालत होते, मी मागे. फाट्यावर बसचा हॉर्न वाजला म्हणून मी घाई करत त्यांच्या पुढे गेले. मोहाच्या झाडापाशी पोचल्यावर मला मागे पावलं ऐकू येईनात. मी वळून पाहिलं तर सोमाजी झाडाच्या पंधरा-वीस पावलं अलीकडेच थांबले होते. माझ्याकडे पाठ करून, तलावाकडे तोंड करून उभे होते.

मी हाक मारली. ते वळले नाहीत. बसमध्ये बसून खिडकीतून पाहिलं तेव्हाही ते तसेच उभे होते, हात दोन्ही बाजूंना सोडलेले, त्या दगडाकडे बघत.